'कवचबीजा'त चिलखत नाही

प्रश्न असा आला आहे: खाजकुयली आणि कवचबीज ही एकाच वेलीची नावं की दोन वेगळ्या वेली? आणि बियांचं कवच टणक असतं म्हणून 'कवचबीज' म्हणतात का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण ही व्युत्पत्ती इतक्यांदा ऐकली आहे की आता राहवत नाही. नाही. या नावात चिलखत नाही. या वेलीला संस्कृतात 'आत्मगुप्ता', म्हणजे स्वतःचं रक्षण करणारी, असंही नाव आहे आणि चिलखतवाले लगेच तेच पुढे करतात. पण ते स्वतंत्र नाव आहे. अर्थ जुळला म्हणून शब्दाचं कूळ जुळत नाही.

मूळ शब्द 'कपिकच्छू'. कपि म्हणजे माकड, कच्छू म्हणजे खाज. हिंदीत त्याचं केवाँच, कौंच झालं. तोच शब्द इंग्रजांनी उचलला आणि 'काउहेज' केला. पुढे त्यांच्या लोकांनी त्यात गाय आणि खाज ऐकून 'काउइच' बनवला. आपण चिलखत ऐकलं, त्यांनी गाय ऐकली. माकड दोघांच्याही हातून निसटलं!

आता खरी गंमत. संस्कृत च्छ किंवा त्स्य हिंदीत 'छ' होऊन टिकतो, तिथे मराठीत अनेकदा 'स' येतो. मछली पण मासळी, कछुआ पण कासव. म्हणजे कपिकच्छू मराठी तोंडातच घडला असता, तर 'कवास'सारखं काही हाती लागायला हवं होतं. शेवटी 'च' असलेलं 'कवच' हे घरचं रूप वाटत नाही. माझं मत असं, की ते औषधी बियांच्या व्यापाराबरोबर उत्तरेकडून आलं आणि इथे आल्यावर ओळखीच्या संस्कृत शब्दाचा वेश त्याला चढला.

मग घरचं नाव कुठलं? कुयली, कुहिली. माझ्या मते यातला 'कुय' म्हणजे कपीच, आणि 'ली' हा लाडका प्रत्यय. संस्कृतात या वेलीला नुसतं 'मर्कटी'ही म्हणतात, तेव्हा केवळ माकडावरून नाव पडणं नवीन नाही. खाजेचा भाग गळून गेला, म्हणूनच लोकांना पुढे 'खाज' जोडून 'खाजकुयली' म्हणावं लागलं. हे कुणी मान्य करो न करो, 'खाज' हा शब्द इथे का आला याचं याहून सरळ उत्तर माझ्या वाचनात नाही.

पहिला प्रश्न राहिलाच. जात एकच, म्युकुना प्रुरिएन्स. प्रुरिएन्स म्हणजे लॅटिनमध्ये खाजणारी. भेद आहे तो तिच्या वाणांत. रानटी वाणाच्या वाकड्या शेंगेवर सोनेरी-तपकिरी ताठ कुसं असतात. ती सहज सुटतात, कातडीत रुततात आणि त्यांतल्या म्युकुनेन या प्रथिनामुळे खाज सुटते. लागवडीच्या 'युटिलिस' वाणावर मऊ, मखमली लव असते, ती खाजवत नाही. पानं दोन्हींची तीन-तीन दलांची, तेव्हा पानांवरून पैज लावू नका. शेंग पाहा, आणि हात न लावता पाहा. बियांत लेव्होडोपा, म्हणजे कंपवातावर वापरलं जाणारं औषधी द्रव्य, दोन्हींच्या असतं, म्हणून 'कवचबीज' म्हणजे औषधी आणि 'खाजकुयली' म्हणजे निरुपयोगी ही वाटणीही चुकीची.

सह्याद्रीतली मोठी कुयली, म्हणजे सोनगारवी, ही मात्र खरोखर वेगळी जात. तिच्या जाड शेंगेवर आडव्या घड्या असतात आणि आत बहुधा एकच बी. तिचं शास्त्रीय नावच मोनोस्पर्मा, एकबीजी. तिला कुणी कवचबीज म्हणत असेल तर तिथे जरूर हटका.