'झेनी' म्हणजे नक्की काय?

तारकर्लीला होमस्टे चालवणाऱ्या एकांनी विचारलंय की एका फॉरेनर गेस्टने रिव्ह्यूत त्यांना 'झेनी (zany) होस्ट' म्हटलंय, डिक्शनरीत बघितलं तर वेडगळ, विदूषकी असलं काहीतरी निघालं, मग आता राग मानायचा का? अजिबात नाही हो. झेनी म्हणजे मूर्ख नव्हे, चार लोकांसारखं सरळ न वागता काहीतरी भलतंच करून समोरच्याला हसवणारा. कौतुकच आहे ते.

शब्द मूळचा इंग्रजी नाही, इटलीतून आलेला. तिकडे सोळाव्या शतकात कोमेदिया देल्लार्ते नावाची मुखवट्यांची नाटकं जोरात होती, संवाद लिहून दिलेले नसायचे, कथेचा सांगाडा ठरलेला आणि बाकी सगळं नटाने स्टेजवर उभ्या उभ्या जुळवायचं, म्हणजे आपले दशावतारी करतात तस्संच. त्यात 'झान्नी' म्हणून नोकराचं पात्र असायचं, बेर्गामोच्या डोंगराळ भागातून व्हेनिसला पोटासाठी आलेला गडी, थोडक्यात तिकडचा चाकरमानीच, कायम भुकेला आणि सतत घोळ घालणारा. आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकातला काळ्या कपड्यातला संकासुर आठवा, वेद चोरणारा राक्षस खरा पण तो मालवणीत बोलायला लागला की भीती कोणाला वाटते! रंगीबेरंगी ठिगळांच्या कपड्यातला विदूषक, ज्याला आपण हार्लेक्विन म्हणतो, तो आर्लेकिनोसुद्धा या झान्नींपैकीच एक.

आता खरी मजा. झान्नी हे जोव्हान्नी या नावाचं व्हेनिसकडचं घरगुती रूप, जोव्हान्नी म्हणजे इंग्रजीतला जॉन आणि पोर्तुगीजमधला जुआंव. गोव्यात २४ जूनला डोक्यावर फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात तो सांजांव म्हणजे संत जुआंवच, त्यामुळे झेनी आणि सांजांव एकाच नावाच्या पोटचे निघाले की नाय!

इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या शेवटी शब्द आला तो नाम म्हणून, मुख्य विदूषकाची वेडीवाकडी नक्कल करणारा साथीदार तो झेनी, शेक्सपिअरच्या नाटकांतही सापडतो. विशेषण म्हणून वापर नंतरचा, आणि आज बहुतेक तोच कानावर पडतो, झेनी कॉमेडी, झेनी आयडिया वगैरे.

मराठीत एकच शब्द हवा असेल तर मी 'चक्रम' घेईन, तोही लाडाने म्हटलेला. आचरट नको, त्यात शिव्या घातल्यासारखं वाटतं, आणि बावळट तर नकोच, बावळटाला आपण हसतो आणि झेनी माणूस स्वतःहून हसवतो.