चेहरा सतत तेलकट होतो, मग त्वचेतल्या तैलग्रंथींचा नेमका उपयोग काय?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. तळहात-तळपाय सोडले तर या ग्रंथी जवळपास सगळ्या अंगावर असतात. कपाळ, नाक, टाळू इथे सर्वात दाट. बहुतेक केसांच्या मुळाशी चिकटलेल्या. त्यांची काम करण्याची पद्धत विलक्षण आहे: पेशी आत तेल साठवत फुगते, शेवटी स्वतःच फुटते आणि तिच्यासकट सगळा ऐवज सीबम म्हणून बाहेर येतो. त्यात ट्रायग्लिसराइड्स, मेणासारखे एस्टर आणि स्क्वालीन असे तेलकट पदार्थ असतात. सीबममधलं सॅपिएनिक आम्ल काही जिवाणूंना रोखतं.

वयात येताना अँड्रोजन या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) ग्रंथी वाढतात. तेल जास्त, त्यात छिद्राचं तोंड मृत पेशींनी बंद, म्हणजे मुरमांची सुरुवात. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने चेहरा घासू नका, प्लीज! ग्रंथी त्वचेच्या आत आहे. घासून फक्त वरचा थर दुखावतो. सौम्य फेसवॉश दोनदा पुरे. आयसोट्रेटिनॉइन हे मुरमांवरचं औषध ग्रंथी आकसवतं, पण गर्भाला गंभीर अपाय करतं, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

संशोधनात १९९९ साली आलेल्या एसझेड९५ या, प्रयोगशाळेत वाढवत राहता येणाऱ्या मानवी तैलग्रंथी-पेशींच्या वाणामुळे या ग्रंथींवर प्रयोगशाळेत औषधं तपासणं खूप सोपं झालं.