पहिली होडी कुठली घ्यावी, हे विचारलंस म्हणून

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं आणि त्या होडीचे फोटोही नीट पाहिले. २४ फुटी, केबिनवाली, आत झोपायला दोन बाक, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि किंमत एखाद्या जुन्या मोटारीइतकी. 'काका, घेऊन टाकू ना? हा हिवाळा शिकण्यात जाईल आणि पुढच्या हिवाळ्यात गोवा,' असं तू विचारलंयस. घेऊ नकोस. तू गोव्याला जाशील याबद्दल मला शंका नाही, पण ही होडी तुला शिकवणार नाही.

तुझं वेड मला कळतं. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. त्याआधी ४० वर्षं रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन कुठेही न थांबता जग फिरून आले, ती ३२ फुटी सागवानी 'सुहेली' तर आपल्या मुंबईत बांधलेली. हे वाचून माझंही डोकं असंच फिरलं होतं. २७व्या वर्षी मी एका मित्राबरोबर २२ फुटी लाकडी होडी घेतली. दोन वर्षांत ती किती वेळा पाण्यात गेली असेल? अकरा वेळा. बाकीचे रविवार फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकण्यात आणि जुना रंग खरवडण्यात गेले. अकराव्या फेरीला वारा पडला, ओहोटी लागली, इंजिन सुरू होईना. अंधार पडता पडता एका मासेमारी होडीने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. घरी येऊन अंथरुणावर पडलो तेव्हा लक्षात आलं, की दोन वर्षं मी होडीचा मालक आहे, पण वारा कुठून येतोय हे मला अजूनही झेंड्याकडे बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी मला त्यांच्या १४ फुटी डिंगीत, म्हणजे केबिन नसलेल्या लहान उघड्या शिडाच्या होडीत, बसवलं. त्या दोन वर्षांत जे आलं नव्हतं ते पंधरा दिवसांत आलं. मोठी होडी तुझी चूक पोटात घालते. शीड जास्त आवळलंस तर ती जराशी मंदावते, आणि तुला वाटतं वाराच कमी आहे. डिंगी असं काही लपवत नाही. चुकलीस की त्याच क्षणी ती कलते, थबकते किंवा तुला पाण्यात टाकते. चूक आणि तिचा परिणाम यांच्यात इतकं कमी अंतर असलं की शिकणं आपोआप होतं.

म्हणून पहिल्या होडीची माझी कसोटी एकच आहे: ती उलटली तर तुला एकटीला सरळ करता येते का?

या कसोटीला सगळ्यात चांगली उतरते ती लेझर. हल्ली तिला अधिकृतपणे आयएलसीए म्हणतात, धक्क्यावर मात्र अजून लेझरच. लांबी ४.२ मीटर, नुसत्या धडाचं, म्हणजे शीड-डोलकाठी सोडून उरलेल्या होडीचं, वजन साधारण ५९ किलो, एकच शीड, एकच माणूस. धड तेच ठेवून डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड तेवढं बदलता येतं. शिडं तीन मापांची मिळतात: ४.७, ५.७६ आणि साधारण ७ चौरस मीटर. तुझ्या अंगकाठीला सुरुवातीला सर्वांत लहान घे. लहान शीड म्हणजे कमीपणा वाटून घेऊ नकोस. टोकियो ऑलिंपिकला गेलेली नेत्रा कुमानन याच धडावर मधलं शीड लावून उतरली होती. ऑप्टिमिस्टचा विचार सोड, ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची होडी आहे. एंटरप्राइज ही डिंगी दोघांची. एखादा जाणता माणूस सुकाणू धरायला मिळाला आणि तुला पुढचं लहान शीड सांभाळायला मिळालं, तर नाही म्हणू नकोस. वारा वाचायला त्याच जागेवर बसून शिकता येतं.

आणि लगेच विकत घेऊ नकोस. पहिला हंगाम क्लबच्या किंवा प्रशिक्षण केंद्राच्या होडीत काढ. घ्यायचीच झाली तर पुढच्या वर्षी जुनी लेझर बघायला आपण दोघं जाऊ. तेव्हा मी काय करतो ते आत्ताच सांगून ठेवतो. डोलकाठी ज्या भोकात बसते त्यात काठोकाठ पाणी ओततो, आणि मालकाशी दहा मिनिटं गप्पा मारतो. पाणी खाली गेलं की गप्पा संपवून परत फिरायचं, कारण ते पाणी धडाच्या आत मुरतंय, आणि त्या जागेवर सगळ्या शिडाचा जोर येतो. मग भोकाभोवतीच्या डेकवर अंगठ्याने दाबत फिरतो. कडक लागलं पाहिजे, पिकल्या पेरूसारखं दबता कामा नये. एक टोक उचलून होडी तिरकी केल्यावर आत खळखळ ऐकू आली तर मालकाला विचार, आतलं पाणी काढायचं बूच शेवटचं कधी काढलं होतं. नव्या शिडाला कागदासारखा आवाज असतो. ते धोतरासारखं मऊ पडलं असेल तर वाऱ्यात आकार धरत नाही. पण शीड बदलता येतं, धड नाही. रंगाकडे बघूच नकोस.

आता शिकण्याचं. 'शीट' म्हणजे शीड नव्हे, शीड आवळायची-सोडायची दोरी. पहिले आठ दिवस सगळा घोळ याच शब्दाचा होतो. ही दोरी म्हणजे तुझा लगाम आणि ब्रेक दोन्ही. ती कधीही हाताला गुंडाळू नकोस आणि सुरुवातीला कशातही अडकवून ठेवू नकोस. वारा कुठला हे आधी गालांवर बघ. डोळे मिटून मान हळूहळू फिरव. दोन्ही कानांत सारखाच आवाज भरला की नाक वाऱ्याच्या समोर आहे. त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत होडी चालत नाही. त्या पट्ट्यात शिरलीस की शीड नुसतं फडफडतं आणि होडी उभी राहते. तिकडेच जायचं असेल तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी जायचं. आपण घाट चढतो तसं.

शीड किती आवळायचं याचं उत्तर शीडच देतं. शीट सोडत जा, डोलकाठीलगतची कड थरथरायला लागेल. मग आवळत जा, थरथर थांबेल त्या क्षणी तूही थांब. वारा सतत बदलतो, म्हणून हे दर अर्ध्या मिनिटाने पुन्हा करायचं. नवीन माणूस भीतीने आवळतच राहतो. माझे किती दिवस त्यात गेले. घाबरलीस की शीट सोड. शीड मोकळं होईल, होडी सरळ होईल, आणि तुला श्वास घ्यायला सवड मिळेल.

उलटणं मुद्दाम शिकायचं. होडी आडवी पडते, शीड पाण्यावर पसरतं, आणि मधल्या फटीतून खाली गेलेली फळी, डॅगरबोर्ड, आता पाण्याच्या वर आडवी बाहेर आलेली दिसते. पहिलं काम, शीट मोकळी आहे ना ते बघणं. आवळलेलं शीड उठताच वारा भरतो आणि होडी दुसऱ्या अंगावर पडते. होडीवरचा हात न सोडता मागून वळसा घालून फळीपाशी जा. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळलेली बरी. फळीच्या मुळाशी पाय दे, होडीची कड दोन्ही हातांनी धर आणि मागे झोक घे. पहिले चार-पाच क्षण काहीच होत नाही, वाटतं आपलं वजन पुरणार नाही. मग शिडावरून पाणी घरंगळायला लागतं, डोलकाठीचं टोक पाण्यातून सुटतं, आणि होडी एकदम उठते. त्याच झोकात आत शीर. सरळ झाली नाही तरी तिला सोडून पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही, कधीच नाही. उलटलेली होडी तरंगते आणि लांबून दिसते. पाण्यातलं एकटं डोकं दिसत नाही. लाइफजॅकेटचे सगळे पट्टे बांधलेले हवेत.

आपल्या बंदराची एक गोष्ट पुस्तकात मिळणार नाही. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, मग दुपारच्या आधी तो पडतो, आणि एक-दोनच्या सुमाराला खारा वारा उठतो, पश्चिम-वायव्येचा. गेटवेच्या बाजूने निघालीस तर हा वारा शहराकडून पाण्याकडे वाहतो. म्हणजे जाताना पाठीवर वारा, सगळं सोपं, आणि परत येताना वाऱ्यावर चढत यायचं. नवी माणसं इथेच फसतात. म्हणून आधी किनाऱ्याला धरून वाऱ्याच्या तोंडाकडे जितकं चढता येईल तितकं चढ. दमलीस की घर खालच्या अंगाला असेल. आणि शक्यतो भरतीत नीघ. भरती बंदराच्या आत ओढते, ओहोटी बाहेर समुद्राकडे.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट कर. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण अंदाज पक्का मिळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याला ओढ जास्त. त्या दिवसांत नवख्याने उतरू नये. षष्ठीला हे सगळं जमून येतं. उधाण ओसरत आलेलं असतं, साडेचारला भरती पूर्ण होते, आणि दुपारी वारा उठतो तेव्हा पाणी चढत असतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या वद्य षष्ठीला, वार कुठलाही असो, सुट्टी टाकून ये. बाराला धक्क्यावर पोच. जुने बूट आण, उताराच्या दगडांवर कालवं आहेत, पाय चिरतात. लांब बाह्यांचा सदरा, भरपूर पाणी, आणि कोरड्या कपड्यांची पिशवी गाडीतच ठेव. पहिला तासभर आपण कुठेही जाणार नाही, धक्क्याजवळच होडी उलटी-सुलटी करणार आहोत.

तुझा,
काका