मिश्र माध्यमातलं (कागद, वस्तू आणि रंग एकत्र वापरून केलेलं) पहिलं चित्र: आधी पाया पक्का कर
पातळ कार्डशीटवर सुरुवात करू नकोस. फेव्हिकोलमधल्या पाण्यामुळे ती वाळताना हमखास वाकते. ३ मिमी एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डचा) तुकडा घे. पुठ्ठाच असेल तर मागेही कागद चिकटव, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढ सारखी बसते. वर्तमानपत्र कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाड. फाटलेली कड रंगाखाली फार सुंदर मिसळते. हे तुकडे चिकटवायला दोन भाग फेव्हिकोलला एक भाग पाणी पुरे. सुतळी, बटणं, गोणपाट मात्र घट्ट फेव्हिकोलनेच लाव आणि चित्र रात्रभर आडवं ठेव, उभं केलंस की सगळं घसरतं. ॲक्रेलिक आधी, ऑइल पेस्टल शेवटी: तेलकट-मेणकट थरावर ॲक्रेलिक धरत नाही, पापुद्रे सुटतात. डाळी-तांदूळ टाळलेलेच बरे, कीड लागते.