पोलिसांच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर ‘मॅच’ झाला म्हणून अटक होऊ शकते का?

तुमच्या भावाला पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘सिस्टीममध्ये तुझा नंबर एका घरफोडीशी मॅच होतोय, येऊन जा’, आणि नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर असं करता येतं का, असं तुम्ही विचारलंय.

बोलावता येतं, पण लेखी. साक्षीदार म्हणून हवा असेल तर बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७९ खाली, संशयित असेल तर ३५(३) खाली. ३५(३) ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. नोटिशीवरचं कलम वाचलं की भाऊ त्यांच्या हिशोबात कोण आहे ते कळतं. नोटीस आल्यावर मात्र जायचंच. ३५(३) ला दांडी मारली तर तेच अटकेचं कारण होतं.

मी नागपूरच्या जिल्हा कोर्टात फौजदारी कामं बघतो. मागे माझ्याकडे एक दूधवाला आला होता. हिंगण्याकडून रोज पहाटे धरमपेठ आणि प्रतापनगरात रतीब टाकायचा. दोन्हीकडे काही आठवड्यांच्या अंतराने पहाटेच्या घरफोड्या झाल्या. पोलिसांनी दोन्ही ठिकाणचा टॉवर डंप मागवला, म्हणजे त्या वेळेत त्या टॉवरवर असलेल्या सगळ्या मोबाईलची यादी. सॉफ्टवेअरने याद्या एकमेकींवर ठेवून कॉमन नंबर काढले आणि त्यातला कोण जुन्या रेकॉर्डवर आहे ते पाहिलं. ह्याच्या नावावर कधीकाळची एक मारामारीची तक्रार होती, ती मिटलेली. झालं, साहेब संशयित!

तो मला म्हणाला, “वकीलसाहेब, दूध तिथंच टाकतो तर नंबर काहून नाही येणार?” बचाव म्हणून याच्या पलीकडे काही लागलं नाही. सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं, नंबर खरंच दोन्हीकडे होता. जुळणं म्हणजेच पुरावा, असं धरून चालले तिथे गोची झाली. त्याची रतीबाची वही, दुधाचे डाग पडलेली, नावापुढे लिटर लिहिलेली, मी तपास अधिकाऱ्यापुढे ठेवली. दोन गिऱ्हाइकांचे जबाब झाले आणि विषय संपला.

कायद्याच्या लेखी अशा मॅचची किंमत खबऱ्याच्या टिपेइतकीच. तिच्यावरून तपास सुरू करावा, पण संपवता येत नाही. अटक झालीच तर तिची कारणं लेखी आणि त्याला समजेल त्या भाषेत द्यावी लागतात, तीही रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी. नोव्हेंबर २०२५ चा हा सुप्रीम कोर्टाचा निकाल मुंबईतल्याच एका खटल्यातला आहे. त्या कागदावर ‘सिस्टीममध्ये मॅच’ याखेरीज काही नसेल तर रिमांडलाच तो मुद्दा काढायचा.

आता नागपूरकरांनी जरा जास्त लक्ष द्यावं अशी बाब. पोलिसांसाठी एआय बनवणारी मार्वल ही राज्य सरकारची कंपनी २०२४ मध्ये आपल्याच गावात निघाली, आयआयएम नागपूर तिच्यात भागीदार. तपासासाठीचं महाक्राइमओएससुद्धा आधी इथल्या २३ ठाण्यांत चालवून पाहिलं. पण कोणता डेटा कशाशी जोडायचा, कुठल्या गुन्ह्यासाठी, निर्दोष माणसाचं नाव त्यात किती दिवस राहणार, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. जर्मनीत हेसन आणि हॅम्बुर्गच्या पोलिसांसाठी अशा सॉफ्टवेअरचे कायदे होते तरी, मर्यादा नीट आखलेल्या नाहीत म्हणून तिथल्या घटनात्मक न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. आपल्याकडे खासगीपणाच्या हक्काचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे: सरकारने खासगीपणात शिरायचं तर कायदा हवा, गरज हवी, आणि तेही गरजेच्या प्रमाणातच हवं. आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा? त्याच्या कलम १७ ने गुन्ह्याच्या तपासाला बहुतेक बंधनांतून सूट दिलीय. डेटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी तेवढी उरते. शिवाय पुरावा गैरमार्गाने मिळवला म्हणून तो आपोआप बाद होत नाही, हे सत्तरच्या दशकातल्या मलकानी खटल्यापासून पक्कं आहे.

खरी अडचण मला दिसते ती केस डायरीत, म्हणजे पोलिसांच्या तपासाच्या रोजच्या नोंदवहीत. सॉफ्टवेअरने काढलेला कागद बहुतेकदा डायरीत राहतो, चार्जशीटला लागत नाही, आणि डायरी मागायचा आरोपीला हक्क नाही. म्हणजे ज्या मॅचवरून सगळं सुरू झालं ती तपासायलाच मिळत नाही. यावर एक वाट आहे. सरकार पक्ष ज्या कागदांवर विसंबत नाही त्यांचीही यादी आरोपीला द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय. चार्जशीटच्या नकला घेताना ही यादी आवर्जून मागा. मी मागतो तेव्हा समोरचे अजूनही कपाळाला आठ्या घालतात.

सीडीआर, म्हणजे मोबाईलचं कॉल रेकॉर्ड, पुराव्यात आणलाच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (फाईलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळायचा आकडा). अ भाग पुरावा देणाऱ्याचा, ब भाग तज्ज्ञाचा. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब ला हे प्रमाणपत्र सक्तीचं, हे २०२० मध्ये पक्कं झालं ते जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, म्हणजे आपल्याच राज्यात. आणि मोबाईल कंपन्यांना कॉल रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावे लागतात. भाऊ त्या रात्री दुसरीकडे होता असं तुमचं म्हणणं असेल तर ते रेकॉर्ड मागवायचा अर्ज त्याच्या आत गेला पाहिजे.

ठाण्यात ‘बोटांचे ठसे देऊन जा’ म्हणाले तर एवढं लक्षात ठेवा: २०२२ च्या ओळख कायद्यात पोलिसांना तो अधिकार अटक झालेल्यांबाबत आहे. नुसत्या चौकशीला आलेल्याचे घ्यायचे तर मॅजिस्ट्रेटचा आदेश हवा. एकदा दिले की ते रेकॉर्ड ७५ वर्षं राहू शकतं. निर्दोष सुटल्यावर, आधी शिक्षा झालेली नसेल तर, ते नष्ट करायची तरतूद आहे, पण माझ्या अनुभवात मागे लागल्याशिवाय कोणी करत नाही.

भावाच्या हातात नोटीस आली की तिच्यावरचं कलम आणि तारीख इथेच खाली लिहा, नाव-ठाणं लिहू नका. आणि त्या रात्रीच्या त्याच्या ड्युटीचा, पेट्रोलचा, ऑनलाइन पेमेंटचा जो काही कागद सापडेल तो आजच एका फाईलीत लावून ठेवा.