जुनी डीटीएच डिश: तबकडी ठेवा, एलएनबी बदला

गच्चीवरची जुनी डीटीएच डिश हॅम (हौशी) रेडिओला चालेल का, आणि एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) सरळ बसवून, १३ व्होल्ट देऊनही पुण्यातून क्यूओ-१०० (उपग्रहावरचा हॅम मंडळींचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आलेला सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र) का ऐकू येत नाही, असं तुम्ही विचारलंय.

डिश भंगारवाल्याला देऊ नका. ६० सेंटीमीटरची साधी छत्री १०.५ गीगाहर्ट्झला (क्यूओ-१०० याच्याच आसपास ऐकू येतो) सुमारे ३४ डीबी (डेसिबल) गेन, म्हणजे सिग्नलला वाढ, देते. वरवरचा गंज, एक-दोन मिलिमीटरचे पोचे यांनी काही बिघडत नाही. तरंगलांबीच पावणेतीन सेंटीमीटरच्या वर आहे. डिश पिळली गेलीय का तेवढं बघा. काठावरून दोन दोरे उभे-आडवे ताणा. मध्यावर ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. बोटभर फट राहिली तर मात्र ती खरंच भंगार.

एलएनबी जुना असेल तर बदलाच. त्यातल्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी ऊन-सावलीत सरकत राहते. टीव्हीच्या रुंद चॅनेलला ते जाणवत नाही, पण आपला एसएसबी (हॅमवर बोलण्याची अरुंद पद्धत) आवाज २.७ किलोहर्ट्झचा, ढग आला की स्टेशन हातातून निसटतं. लेबलवर ९.७५/१०.६ (ऑसिलेटरचे गीगाहर्ट्झ) असलेला पीएलएलवाला, म्हणजे फ्रिक्वेन्सी क्रिस्टलने धरून ठेवणारा, युनिव्हर्सल घ्या. १०४८९.७५० मेगाहर्ट्झचा मधला बीकन (उपग्रहाचा सतत चालू असलेला खुणेचा सिग्नल) मग ९७५० वजा होऊन ७३९.७५० वर, साध्या आरटीएल-एसडीआर डोंगलवर (संगणकाला लावायच्या स्वस्त रिसीव्हरवर) दिसतो. एलएनबीला व्होल्टेज बायस-टीमधूनच (केबलमध्ये वीज फक्त एलएनबीकडे सोडणाऱ्या जोडणीतूनच) द्या. ते चुकून डोंगलमध्ये शिरलं तर डोंगल गेलाच म्हणून समजा.

आता दिशा. आपल्या डीटीएच डिश आग्नेय-दक्षिणेकडे, बऱ्याच वर बघतात. क्यूओ-१०० ज्यावर आहे तो उपग्रह एस-हेल-२ (२०१८ साली सोडलेला) २५.९ अंश पूर्वेला, म्हणजे पुण्याहून पश्चिमेकडे: दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) २५४, क्षितिजापासून उंची ३२ अंश. ऑफसेट डिश (एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेली) असल्यामुळे ती जवळपास उभीच दिसेल, घाबरू नका. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपताना दुपारी चार-साडेचारला सूर्य साधारण त्याच जागी असतो; मध्ये शेजारची टाकी येते का ते तेव्हा आयतंच कळतं.

तुमची खरी गोची बहुधा पोलरायझेशनची, म्हणजे लहरी उभ्या की आडव्या याची, आहे. उपग्रहाकडून खाली येणारा सिग्नल उभा, हे सगळे युरोपीय लेख सांगतात. पण आपण उपग्रहाच्या रेखांशापासून तब्बल ४८ अंश पूर्वेला, त्यात विषुववृत्ताच्या जवळ. इथे तो ‘उभा’ सिग्नल जवळजवळ ६६ अंश कलंडलेला येतो. एलएनबी १३ व्होल्टला उभा सिग्नल घेतो, १८ ला आडवा; तो सरळ ठेवून १३ व्होल्ट दिले की सात-आठ डीबी तिथेच जातात. क्लँप सैल करून बीकन सर्वांत उंच दिसेपर्यंत एलएनबी फिरवा. शिडीवर चढायचा कंटाळा असेल तर आहे तसाच ठेवून १८ व्होल्ट देऊन बघा, तोटा एक डीबीच्याही आत येईल.

तुलनेला इंग्लंडमधल्या गूनहिलीचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर) उघडा ठेवा, म्हणजे उपग्रहावर कोणी बोलतंय की नाही हे कळेल. २.४ गीगाहर्ट्झवर स्वतः उपग्रहाकडे सिग्नल पाठवण्याचा विचार नंतर, आणि तोही तुमच्या परवान्यात ती पट्टी बसते का हे तपासून.