लढाऊ वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवून खरेच उपयोग होतो का, की तो निव्वळ महागडा व्हिडिओ गेम आहे?

प्रश्नातला ‘महागडा व्हिडिओ गेम’ हा शब्दप्रयोग वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. हवाई दलातली माझी नोकरी तांत्रिक शाखेतली, आणि तिचा मोठा भाग लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरची, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणाऱ्या नकली कॉकपिटची, देखभाल करण्यात गेला. निवृत्तीनंतर साताऱ्यात घर केले. इथे सैनिकी पेशाची घरे गल्लोगल्ली आहेत, तरीही हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकावे लागते. आपण सांगलीहून विचारता आहात की या यंत्रावर शिकून लढाऊ वैमानिक तयार होतो का, आणि नववीतल्या मुलाला घरी जॉयस्टिक आणि पेडल घेऊन दिली तर पुढे निवडीत त्याचा फायदा होईल का. दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

उपयोग होतो, आणि तो दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही. अमेरिकेच्या एफ-३५ या विमानाची दोन आसनांची आवृत्तीच बनवलेली नाही. त्या विमानात वैमानिक पहिल्यांदा बसतो तो एकटाच, मागच्या आसनावर चूक सावरायला प्रशिक्षक नसतो. त्याच्या हातांना त्या दिवशी जे काही येत असते, ते सिम्युलेटरने शिकवलेले असते. आपल्याकडे बहुतेक लढाऊ विमानांच्या दोन आसनी आवृत्त्या आहेत, पण उड्डाण घेताच, जमीन अजून जवळ असताना, पक्षी आदळून इंजिन बंद पडण्याचा सराव त्यातही करता येत नाही. एकच इंजिन असलेल्या विमानात अशा वेळी इजेक्ट करायचे, म्हणजे हँडल ओढून आसनासकट विमानाबाहेर पडायचे, की नाही, हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. माणसाचा स्वभाव असा की तो विमान वाचवण्याची आणखी एक खटपट करून पाहतो, आणि त्या खटपटीत जीव जातो. हा उशीर सिम्युलेटरमध्ये पकडता येतो. प्रशिक्षक यंत्र गोठवतो, नोंद मागे नेतो आणि दाखवतो की हँडल ओढायला हवे होते ते या क्षणी, आणि तुझा हात हलला तो इथे. आकाशात हा धडा एकदाच मिळतो आणि तो सांगायला माणूस परत येत नाही.

या यंत्राचा जन्म अमेरिकेतला. एडविन लिंक या गृहस्थाच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता, आणि त्याच कारखान्यातले भाते व हवेचे पंप वापरून त्याने १९२९ मध्ये डोलणारे, वळणारे छोटे लाकडी विमान तयार केले. सांगली-मिरजेच्या माणसाला ऑर्गनचा भाता काय असतो हे सांगायला नको. आपल्या संगीत नाटकाची साथ त्यावरच झाली. सुरुवातीला हे विमान जत्रेतली करमणूक म्हणून विकले गेले, म्हणजे खेळ म्हणून हिणवणे तेव्हापासूनचेच आहे. १९३४ मध्ये अमेरिकन लष्करी वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले. खराब हवेत केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवण्याचा सराव नसल्याने काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मेले, आणि मग लष्कराने लिंककडून पहिली सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात या यंत्रावर पाच लाखांहून अधिक जण शिकले. तो खेळ असता तर युद्ध चालू असताना कोणी त्यात वेळ घालवला नसता.

आता मी ज्यासाठी लिहितो आहे ती गोष्ट. आमच्याकडचा सिम्युलेटर जुन्या पिढीचा होता. स्टिकच्या, म्हणजे विमान चालवण्याच्या दांड्याच्या खाली, कॉकपिटच्या तळाशी एक हायड्रॉलिक सिलिंडर असे आणि तो वैमानिकाच्या हाताला उलट दाब देई. खऱ्या विमानातही हा दाब कृत्रिमच असतो, कारण पंखांवरचे आणि शेपटीवरचे पृष्ठभाग हायड्रॉलिकच हलवतात आणि हाताला अंदाज यावा म्हणून स्प्रिंगची यंत्रणा बसवलेली असते. म्हणूनच सिम्युलेटरमध्ये तो हुबेहूब आणता येतो, आणि म्हणूनच तो चुकला तर चटकन कोणाच्या लक्षात येत नाही.

एक तरुण फ्लाइंग ऑफिसर, तासगावकडचा मुलगा, सराव संपवून खाली उतरला आणि बाजूला घेऊन मला मराठीत म्हणाला, “सार्जंट साहेब, स्टिक मधल्या जागेवरून सुटताना किंचित अडते. एकदा सुटली की काही वाटत नाही. माझ्याच हाताचा दोष असेल, पण जरा बघाल का?” त्याच्या आधी कोणी अशी तक्रार केली नव्हती. रोज सकाळच्या तपासणीत आम्ही स्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहत असू, आणि तशी फिरवल्यावर ती अगदी मऊ फिरत होती.

रात्री यंत्र मोकळे झाल्यावर मी फोर्स गेज, म्हणजे बळ मोजण्याचे साधन, घेऊन बसलो. स्टिकच्या मुठीला गेज लावायचा, मधल्या जागेपासून अगदी सावकाश मागे ओढत न्यायचे, ठरावीक अंतरावर थांबून बळाची नोंद करायची, आणि तसेच परत यायचे. जाताना एक रेषा मिळते, येताना दुसरी, आणि दोन रेषांमधली फट म्हणजे घर्षण. टोकांकडे ती फट हवी तेवढीच होती. मध्यभागी मात्र ती फुगली होती, आणि स्टिक जागेवरून हलवायला लागणारे सुरुवातीचे बळ विमानाच्या आकड्यांच्या परवानगीबाहेर गेले होते. मुलाचा हात बरोबर होता.

सकाळी आलेख घेऊन वरिष्ठांकडे गेलो. त्यांचे म्हणणे असे पडले की फरक क्षुल्लक आहे, वैमानिक जुळवून घेतात, महिन्याचे तास भरायचे आहेत आणि यंत्र बंद ठेवता येणार नाही. वैमानिक जुळवून घेतात, हे त्यांचे वाक्य शंभर टक्के खरे होते, आणि सारा धोका त्यातच होता. धावपट्टीकडे उतरताना वैमानिकाचा हात स्टिकच्या मधल्या जागेभोवतीच सतत बारीक बारीक हालचाली करत असतो. तिथे स्टिक अडत असेल तर हात नकळत थोडा झटका द्यायला शिकतो. तोच हात खऱ्या विमानात बसला की झटका जास्तीचा होतो, नाक वर जाते, तो पुढे ढकलतो, नाक नको तेवढे खाली येते, पुन्हा ओढेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि जमीन जवळ असताना असे दोन झोके खायला जागा नसते. हँडल वाकलेल्या सायकलवर शिकलेले पोर सरळ हँडलच्या सायकलवर बसले की गटाराकडे जाते, आणि दोष पोराला दिला जातो. काही न शिकवणारा सिम्युलेटर परवडला. चुकीचे पक्के शिकवणारा परवडत नाही.

तोंडी बोलून उपयोग नव्हता म्हणून मी तो बिघाड स्नॅग रजिस्टरमध्ये आकड्यांसह लिहिला आणि आलेख सोबत जोडला. लेखी नोंद झाल्यावर यंत्र वापरायला योग्य आहे असे कोणाला तरी सहीने सांगावे लागते, आणि आलेख समोर असताना सही करायला कोणी पुढे आले नाही. यंत्र बंद झाले. सिलिंडर उघडला तेव्हा आतल्या, तेल अडवणाऱ्या सिलची कड झिजून एका बाजूला वळलेली निघाली, आणि बरोबर मधल्या पट्ट्यात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे दिसले. साहजिकच होते, कारण स्टिकचा सगळा वावर त्याच भागात होत असे. नवा सिलिंडर बसवून, आलेख पुन्हा काढून मी त्या मुलाला बोलावले. त्याने कोणताही सराव मागितला नाही, नुसती स्टिक इंचभर मागे-पुढे करत बसला आणि म्हणाला, “आता विमानासारखी आहे.” वरिष्ठांनी मात्र पुढे अनेकदा चारचौघांत ऐकवले की एका पोराच्या कुरकुरीपायी मी सगळ्यांचे प्रशिक्षण अडवले. त्यांचे मत तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे.

कारण तासांचा हिशेब हा या विषयातला सर्वांत फसवा हिशेब आहे. स्टॅनली रॉस्को या अमेरिकन संशोधकाने १९७१ मध्येच मांडले होते की सिम्युलेटरवरचे सुरुवातीचे तास विमानातले बरेच उड्डाण वाचवतात, पण जसजसे तास वाढत जातात तसतशी प्रत्येक पुढच्या तासाची बचत कमी होत जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दले आणि तटरक्षक दलात सिम्युलेटरचा वापर वाढवण्याचे धोरण जाहीर केले, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु वापर वाढवणे म्हणजे रजिस्टरमधले तास वाढवणे, असा अर्थ कोणी घेतला तर जुनीच चूक नव्या पैशाने होईल. मोजायचेच असेल तर यंत्र विमानाशी किती जुळते आणि मागच्या काचेआड बसलेला प्रशिक्षक किती तयारीचा आहे, हे मोजावे. चांगला प्रशिक्षक जुन्या यंत्रावरही माणूस घडवतो. वाईट प्रशिक्षक एकामागून एक बिघाड टाकत सुटतो, आणि विद्यार्थी उत्तरे पाठ करून बाहेर पडतो.

जे सिम्युलेटरला होत नाही, तेही सांगितले पाहिजे. वेगाने वळताना शरीरावर येणारा जी-भार तो देऊ शकत नाही. सहा पायांवर हलणारा मंच पुढे वेग घेतल्याचा भास देतो तो कॉकपिट मागे कलवून, कारण अंधारात कानाच्या आतल्या इंद्रियाला कलणे आणि वेग घेणे यांतला फरक कळत नाही; पण नऊ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट भार, टिकवून धरणे या युक्तीने जमत नाही. म्हणून लढाऊ विमानांच्या कित्येक सिम्युलेटरना हलता मंचच नसतो, आणि जी-भार सोसण्याच्या सरावासाठी वैमानिकांना बंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेतल्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, बसवतात. सिम्युलेटर आहे म्हणून प्रशिक्षण विमाने कमी चालतील, असे म्हणणाऱ्यांशीही माझे तितकेच वाकडे आहे. प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, ही शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली. त्यासाठी घेतलेली हॉक विमाने बिदरला दाखल झाली ती २००८ मध्ये. मधल्या काळात किती तरुणांना पुरेशा तयारीविना मिग-२१ सारख्या तापट विमानावर जावे लागले. ती उणीव कोणताही सिम्युलेटर भरून काढू शकला नसता.

आता आपला मुलगा. हवाई दलाच्या वैमानिक निवडीतली संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते आणि तिच्यात नापास झालेल्याला उड्डाण शाखा कायमची बंद होते, म्हणून आपली काळजी मला समजते. त्या चाचणीत उपकरणे वाचणे आणि हात, पाय व डोळे यांचा मेळ पाहिला जातो. घरच्या जॉयस्टिकने उपकरणांची ओळख होईल, दिशा आणि उंचीचे काटे एका नजरेत वाचायची सवय लागेल. तेवढ्यासाठी साधीशी घेऊन द्यायला हरकत नाही. मात्र घरी शिकलेल्या मुलांना डोळे पडद्यावरच्या काट्यांना चिकटवून ठेवायची सवय लागते आणि खऱ्या विमानात बाहेर क्षितिजाकडे पाहायला शिकवताना प्रशिक्षकांना तीच सवय आधी मोडावी लागते. स्वस्त जॉयस्टिकची स्प्रिंग तर कोणत्याच विमानासारखी नसते, त्यामुळे ‘मला विमान येते’ असे त्याला वाटू देऊ नका. महागडा संच घेण्याचे पैसे वाचवा, गणित आणि भौतिकशास्त्र पक्के करून घ्या, डोळ्यांची तपासणी आताच करा, आणि पळायला, पोहायला लावा.

एक खुलासा राहिला. मी सांगितला तो बिघाड हायड्रॉलिक पिढीचा आहे. आताच्या सिम्युलेटरमध्ये हे काम विजेच्या मोटारी करतात आणि यंत्र आपली चाचणी बरीचशी आपणच करते, त्यामुळे सिल झिजण्याचा प्रश्न त्यात येत नाही. परंतु विमानात सुधारणा होतात, त्याचे सॉफ्टवेअर बदलते आणि सिम्युलेटर मागे राहतो, हा प्रकार नव्या पिढीतही घडू शकतो. आपला मुलगा पुढे खरेच वैमानिक झाला, तर सिम्युलेटरमध्ये बसण्याआधी त्याने तिथल्या तंत्रज्ञाला शेवटचा आलेख कधी काढला ते विचारावे, आणि हाताला काही वेगळे लागले तर जुळवून न घेता ते लेखी द्यावे.